एएचएलमधल्या तरुण हॉकीपटूची प्रगती कशी जोखावी

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या सर्वोच्च लीगच्या, ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सात फेऱ्यांत मिळून २२४ मुलांची निवड होते. पहिल्या फेरीतली नावे दोन दिवस सगळीकडे गाजतात आणि मग त्यातले तीन-चार जण सोडले तर बाकीचे सगळे पुढची दोन ते पाच वर्षे सामान्य प्रेक्षकाच्या नजरेआड जातात. त्यातले बरेचसे या काळात केव्हा ना केव्हा अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या एएचएलमध्ये येऊन पोहोचतात. १९३६ पासून चालत आलेल्या या लीगमधून गेलेले खेळाडू आज एनएचएलमध्ये दहात जवळपास नऊ आहेत, असे ती लीग स्वतःच सांगते. आपल्या संघाने निवडलेला एखादा मुलगा मनात भरला असेल आणि त्याची वाटचाल समजून घेत पाहायची असेल, तर ती इथेच पाहावी लागते. टोरंटो, सॅन होजे आणि ऑस्टिन या शहरांच्या परिसरात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि मार्लीज, बॅराकुडा व सीडर पार्कचे टेक्सास स्टार्स हे एएचएलचे संघही याच परिसरांत खेळतात, त्यामुळे अनेक वाचकांना हे काम प्रत्यक्ष रिंकवर जाऊन, एनएचएलच्या तिकिटापेक्षा बऱ्याच कमी खर्चात करता येईल. बाकीच्यांसाठी सामने फ्लोहॉकी या इंटरनेटवरच्या प्रसारण सेवेवर दाखवले जातात.

पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार एकच आहे. त्या मुलाने किती गोल केले यापेक्षा त्याच्या प्रशिक्षकाने त्याच्यावर कोणते काम सोपवले आणि ते काम महिन्या-महिन्याने कसे बदलत गेले, हे पाहावे. गोलांचा आकडा कोणालाही चटकन दिसतो, पण सोपवलेल्या कामातून क्लबचा त्या मुलाबद्दलचा खरा अंदाज कळतो.

तो तिथे का आहे, हे आधी शोधावे

एखादा मुलगा अठराव्या वर्षी एएचएलमध्ये खेळतो आणि त्याच्याहून वरच्या क्रमांकावर निवडलेला दुसरा खेळत नाही, यावरून पहिला अधिक तयार आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. बहुतेक वेळा या फरकामागे केवळ नियम असतो. कॅनडाच्या तीन प्रमुख ज्युनियर (साधारण वीस वर्षांपर्यंतच्या मुलांच्या) लीगमधून, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल किंवा क्यूएमजेएचएलमधून निवडलेला मुलगा एनएचएलच्या संघात टिकला नाही, तर साधारणपणे विसाव्या वर्षापर्यंत त्याला त्याच्या ज्युनियर संघाकडेच परत पाठवावे लागते. मधली पायरी म्हणून एएचएल त्याला मोकळी नसते. एकोणीस वर्षांच्या खेळाडूंसाठी लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या नव्या सामूहिक करारात यात मर्यादित सवलत ठेवलेली आहे, म्हणून ज्या हंगामाचा विचार करत असाल त्या हंगामाचा नियम तेवढा तपासून घ्यावा. युरोपातून निवडलेल्या मुलाला ही अडचण नसते. मोरित्झ सायडर हा जर्मन बचावपटू २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर डेट्रॉइटने निवडला आणि त्याच हंगामात, अठराव्या वर्षी, तो डेट्रॉइटच्या एएचएल संघाकडून, ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्सकडून, ४९ सामने खेळला. त्यात त्याचे २२ गुण होते (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोल घडवणारे पास, यांची बेरीज म्हणजे गुण). पुढचा हंगाम तो स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळला आणि २०२२ मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच्या वयाचा कॅनेडियन बचावपटू त्या वेळी ज्युनियर हॉकीतच असायचा, आणि त्यात त्याचा काही दोष नसायचा.

दुसरी गोष्ट कराराची. अठरा ते एकवीस या वयात केलेला पहिला करार तीन वर्षांचा असतो. त्यातही अठरा किंवा एकोणीस वर्षांच्या खेळाडूने एका हंगामात एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळले, तर कराराचे ते वर्ष मोजले जात नाही, तो एक वर्षाने पुढे सरकतो. एखाद्या मुलाला आठ-नऊ सामने खेळवून खाली पाठवल्याची बातमी येते तेव्हा तो कमी पडला असेच समजू नये, क्लबने दहाव्या सामन्याआधी हिशेब केला असण्याचीही तेवढीच शक्यता असते. म्हणून ज्या खेळाडूकडे लक्ष ठेवायचे आहे त्याची जन्मतारीख, ड्राफ्टचे वर्ष आणि फेरी, तो कुठून आला, करार कोणत्या वर्षी सुरू झाला आणि कोणत्या वर्षी संपतो, एवढी माहिती एका कागदावर आधीच उतरवून ठेवावी. पुढच्या प्रत्येक बातमीचा अर्थ या माहितीच्या आधाराने लावता येतो.

एएचएलच्या खाली ईसीएचएल आहे. तिथे पाठवले म्हणजे सगळे संपले असे नाही, विशेषतः गोलरक्षकाच्या बाबतीत, पण त्याकडे पुढे येऊ. फॉरवर्डच्या, म्हणजे आक्रमक खेळाडूच्या, बाबतीत ती वाट अधिक खडतर असते हे मान्य करूनही यानी गूर्दचे नाव घ्यावेच लागेल. त्याला कोणीही ड्राफ्ट केले नव्हते, तो ईसीएचएलमध्ये खेळला, मग सिरॅक्यूसमध्ये टॅम्पाच्या यंत्रणेत वाढला, २०१७-१८ मध्ये एनएचएलमधल्या पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने २५ गोल केले आणि २०२० व २०२१ असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदे, जिंकले.

लीगचा स्वभाव

एएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघ एनएचएलच्या एका संघाशी जोडलेला आहे. मराठी वाचकाला इथे रणजी करंडक आठवणे साहजिक आहे, पण ती तुलना एका मुद्द्यावर फसते: रणजीचा संघ स्वतःसाठी खेळतो, तर एएचएलच्या संघातले महत्त्वाचे खेळाडू वरच्या क्लबच्या करारावर असतात आणि वरून फोन आला की सामन्याच्या दिवशीसुद्धा निघून जातात. त्यामुळे खालच्या संघाच्या प्रशिक्षकाला जिंकायचेही असते आणि घडवायचेही असते, आणि या दोन कामांची ओढाताण प्रत्येक निवडीत दिसते. हर्शी बेअर्ससारखा संघ वॉशिंग्टन कॅपिटल्सशी जोडलेला असला तरी त्याची मालकी त्यांच्याकडे नाही, गावाला जिंकण्याची जुनी सवय आहे, आणि २०२३ व २०२४ मध्ये बेअर्सनी लागोपाठ काल्डर कप, म्हणजे एएचएलचा विजेतेपदाचा करंडक, जिंकला. अशा संघात तरुण मुलाला जागा मिळवण्यासाठी अनुभवी खेळाडूंशी खरी झुंज द्यावी लागते. कमकुवत संघात तोच मुलगा पहिल्या दिवसापासून पहिल्या फळीत (एकत्र उतरणाऱ्या तीन-तीन फॉरवर्डच्या चार फळ्या असतात) खेळेल. दोघांच्या आकड्यांची तुलना करताना हे विसरून चालत नाही.

लीगचा एक नियम तरुणांच्या बाजूने आहे. सामन्यासाठी उतरवलेल्या अठरा खेळाडूंपैकी, गोलरक्षक वगळून, किमान तेरा जण विकसनशील गटातले असावे लागतात. त्यातल्या बारा जणांचे आधीचे व्यावसायिक सामने २६० किंवा त्याहून कमी आणि एकाचे ३२० किंवा त्याहून कमी असावे लागतात. म्हणजे संघात खरे मुरलेले खेळाडू फार तर पाच. हे पाच कोण आहेत ते जरूर पाहावे, कारण तरुण खेळाडूच्या शेजारी त्यांच्यापैकी कोणाला खेळवले जाते यावर त्याचे वर्ष बरेच अवलंबून असते. तिशीतल्या शांत बचावपटूच्या जोडीला दिलेला वीस वर्षांचा मुलगा पाच महिन्यांत जे शिकतो, ते दोन अननुभवी मुलांच्या जोडीला दोन वर्षांतही साधत नाही, असे माझे मत आहे.

हंगाम ७२ सामन्यांचा असतो आणि सामने मोठ्या प्रमाणात शुक्रवार, शनिवार, रविवारी येतात. कधी कधी तीन दिवसांत तीन सामने, मधला प्रवास बसचा. त्याची दुसरी बाजू अशी की आठवड्याच्या मधले दिवस सरावाला मोकळे मिळतात. एनएचएलमध्ये एका दिवसाआड सामने असल्याने शिकवायला असा वेळ क्वचितच मिळतो. वरच्या क्लबचे खेळाडू-विकास प्रशिक्षक याच दिवसांत येऊन स्केटिंग, शॉट, फेसऑफ (दोन खेळाडूंमध्ये पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ सुरू करणे) यांवर काम करतात. व्हँकुव्हरने २०२२ मध्ये डॅनियल आणि हेन्रिक सेदीन या माजी खेळाडू भावांना याच कामावर नेमले आणि ते ॲबॉट्सफर्ड या आपल्या एएचएल संघाच्या मुलांबरोबर बर्फावर उतरू लागले. प्रेक्षकाला दिसणारे तीन दिवस म्हणजे त्या आठवड्याचा अर्धाच भाग असतो.

आकडे वाचताना

आकडेवारीत सर्वांत आधी वय पाहावे. मिको रांतानेनने २०१५-१६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, सॅन अँटोनियो रॅम्पेजकडून ५२ सामन्यांत ६० गुण मिळवले. विल्यम नीलँडर अठराव्या वर्षी मार्लीजकडून ३७ सामन्यांत ३२ गुणांवर होता. याच कामगिरीवर पंचवीस वर्षांचा खेळाडू असता तर ती चांगली म्हटली गेली असती, पण त्या वयात तिचा अर्थ अगदी वेगळा होता: ही मुले मोठ्या माणसांच्या लीगमध्ये वरचढ ठरत होती. ढोबळ मानाने एकोणीस-वीस वर्षांच्या फॉरवर्डने दर दोन सामन्यांना एक गुण मिळवला तरी ती समाधानकारक सुरुवात मानावी, आणि तेविसाव्या वर्षीही तो तिथेच असेल तर वरच्या फळीची आशा कमी करावी.

एएचएलमधल्या गुणांवरून एनएचएलमधल्या गुणांचा अंदाज बांधण्यासाठी अभ्यासक एक गुणक वापरतात. तो अर्ध्याहूनही कमी असतो. म्हणजे खाली सामन्यामागे एक गुण मिळवणारा वर गेल्यावर सामन्यामागे अर्धाही मिळवेलच असे धरता येत नाही. हा गुणक शेकडो खेळाडूंच्या सरासरीतून येतो आणि एका मुलाला तो लावताना त्याची खेळण्याची जागा आणि साथीदार त्यात धरलेले नसतात, म्हणून त्याचा उपयोग अपेक्षा आवरण्यापुरताच करावा.

त्यानंतर गुणांची फोड करावी. लीगच्या संकेतस्थळावरील सामन्याच्या तपशिलात प्रत्येक गोल कोणत्या परिस्थितीत झाला ते दिलेले असते. प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, म्हणजे पॉवर प्लेवर, मिळालेले गुण वेगळे काढावेत आणि पाच विरुद्ध पाच असतानाचे वेगळे. एनएचएलमध्ये गेल्यावर नवख्या मुलाला पॉवर प्लेची जागा बहुधा मिळत नाही, ती तिथल्या प्रस्थापितांची असते. ज्याचे निम्म्याहून अधिक गुण पॉवर प्लेवरचे आहेत त्याच्यासाठी वरचे पहिले वर्ष कठीण जाईल, हे आधीच ओळखता येते. तिसरी नोंद गोलावर मारलेल्या शॉटची. गोल दहा-पंधरा सामने आटतात आणि मग एकदम तीन सामन्यांत पाच होतात, त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो, पण सामन्यामागे शॉट दोनवरून तीनवर गेले असतील तर तो मुलगा धोक्याच्या जागी अधिक वेळा पोहोचू लागला आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. अधिक-उणे, म्हणजे तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि संघावर झालेल्या गोलांतला फरक, हा आकडा मी जवळजवळ पाहतच नाही, कारण त्यात गोलरक्षकाची आणि साथीदारांची कामगिरी इतकी मिसळलेली असते की एकट्या खेळाडूविषयी त्यातून काही हाती लागत नाही.

जेसन रॉबर्टसनचे उदाहरण आकडे वाचायला शिकवते. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने त्याला दुसऱ्या फेरीत ३९ व्या क्रमांकावर घेतले, कारण त्याच्या स्केटिंगबद्दल अनेकांना शंका होती. २०१९-२० मध्ये टेक्सास स्टार्सकडून त्याने ६० सामन्यांत २५ गोल आणि २२ असिस्ट केले. वर्षभराने तो एनएचएलच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा आला आणि २०२२-२३ मध्ये त्याचे १०९ गुण झाले. सीडर पार्कमधला तो एकच हंगाम पाहून कोणी १०९ गुणांचे भाकीत केले नसते. मात्र पहिल्याच व्यावसायिक हंगामात, वीस वर्षांचा असताना, गोलांची संख्या असिस्टपेक्षा जास्त होती आणि पाय हळू असूनही पक त्याच्या काठीवर टिकत होता, एवढे तिथेच दिसत होते.

एक महत्त्वाचा आकडा मात्र मिळत नाही. प्रत्येक खेळाडू किती मिनिटे बर्फावर होता, हे एनएचएल प्रसिद्ध करते, एएचएल करत नाही. सोपवलेले काम जोखण्याचे सर्वांत सोपे साधन त्यामुळे प्रेक्षकाच्या हाती नसते, आणि म्हणूनच सामना पाहावा लागतो.

सामना कसा पाहावा

पकच्या मागे डोळे फिरवत पाहिलेला सामना मनोरंजन म्हणून उत्तम, पण या कामासाठी निरुपयोगी. रिंकवर जाणार असाल तर वरच्या ओळीत, मधल्या भागात किंवा कोपऱ्याच्या बाजूला बसावे, म्हणजे संपूर्ण बर्फ दिसतो. काचेजवळच्या जागेवरून वेग जाणवतो, मांडणी कळत नाही. मग एक कालखंड, म्हणजे वीस मिनिटे, फक्त त्या एका खेळाडूकडे पाहावे, तो बाकावर असतानासुद्धा. हे पहिल्यांदा फार कंटाळवाणे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यापासून मात्र त्याचा खेळ वेगळाच दिसू लागतो.

एका शिफ्टचा, म्हणजे खेळाडू एका वेळी सलग बर्फावर असण्याचा, काळ साधारण चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचा असतो. कागदावर प्रत्येक शिफ्टसाठी एक रेघ ओढावी आणि शेजारी तीन खुणा कराव्यात: खेळ कोणत्या भागातल्या फेसऑफने सुरू झाला, समोर प्रतिस्पर्ध्याची कोणती फळी होती, आणि गुणफलक काय होता. सामना संपल्यावर त्या रेघांतून जे चित्र उभे राहते ते कोणत्याही तक्त्यापेक्षा बोलके असते. स्वतःच्या गोलाजवळच्या फेसऑफसाठी ज्याला पाठवले जाते त्याच्यावर प्रशिक्षकाचा विश्वास आहे. एका गोलाची आघाडी असताना शेवटच्या दोन मिनिटांत जो बर्फावर आहे त्याच्यावर तर अधिकच. पेनल्टी किलवर, म्हणजे आपला एक खेळाडू कमी असताना, तरुण मुलाला पहिल्यांदा उतरवले तो दिवस तारखेसह नोंदवून ठेवावा, कारण बहुतेक फॉरवर्डना एनएचएलमध्ये पहिली कायमची जागा तिसऱ्या-चौथ्या फळीतच मिळते आणि तिथे हे काम यावेच लागते. एएचएलमध्ये गोलांचा पाऊस पाडूनही वर्षानुवर्षे खालीच राहिलेले खेळाडू कमी नाहीत. त्यांच्यात कौशल्याची उणीव नसते. वरच्या दोन फळ्यांत बसण्याइतके ते मोठ्या दर्जाचे नसतात आणि खालच्या दोन फळ्यांचे काम त्यांना येत नाही किंवा आवडत नाही.

विंगर, म्हणजे कडेने खेळणारा फॉरवर्ड, पाहताना त्याच्या गोलांकडे नंतर आणि स्वतःच्या क्षेत्रातल्या बोर्डांजवळच्या, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीजवळच्या, कामाकडे आधी पाहावे. बचावपटू कडेने पक पुढे ढकलतो, समोरून प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू धावून येतो, आणि त्या एका सेकंदात विंगरने अंगावर धक्का झेलून पक स्वतःचे क्षेत्र संपते त्या निळ्या रेषेबाहेर काढायचा असतो. सुरुवातीला मुले इथे हमखास चुकतात, घाबरून पक नुसताच भिरकावतात किंवा ज्युनियरमध्ये जमत असे म्हणून वळसा घालायला जातात आणि पक गमावतात. ऑक्टोबरमध्ये दहापैकी पाच वेळा पक बाहेर निघत असेल आणि फेब्रुवारीत आठ वेळा, तर त्या काळात त्याने एकही गोल केला नसला तरी वर्ष वाया गेले नाही. सेंटरच्या, म्हणजे फळीतल्या मधल्या फॉरवर्डच्या, बाबतीत तो स्वतःच्या गोलाच्या मागेपर्यंत उतरून बचावपटूंना मदत करतो का आणि मग पहिला पास घ्यायला योग्य जागी असतो का, हे पाहावे. सेंटर म्हणून निवडलेल्या मुलाला खाली विंगवर खेळवले जात असेल तर त्यामागे बहुधा हेच कारण असते.

बचावपटू सर्वांत सावकाश घडतात. कोपऱ्यात पडलेला पक आणायला मागे जाताना तो किती वेळा खांद्यावरून मागे पाहतो, हे मोजता येते, आणि माझ्या मते बचावपटूची प्रगती सांगणारी याहून चांगली खूण नाही. जो दोनदा पाहतो त्याला पक हाती येण्याआधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे ठाऊक असते. जो पाहत नाही तो पक उचलतो, मग विचार करतो आणि तोवर धक्का बसतो. ज्युनियर हॉकीत वेगवान पायांमुळे ही उणीव झाकली जाते. एएचएलमध्ये ती उघडी पडते, आणि पडावी हेच बरे, कारण एनएचएलमध्ये उघडी पडली तर सुधारायला सवड मिळत नाही.

शेवटी दोन प्रसंग असे की ज्यांसाठी खास जाऊन बसावे. एक, त्याच्या चुकीमुळे गोल झाल्यानंतरची पुढची शिफ्ट: प्रशिक्षक त्याला पुन्हा लगेच पाठवतो की उरलेला कालखंड बाकावर ठेवतो, आणि पाठवले तर तो भिऊन खेळतो की नेहमीसारखा. दोन, तीन दिवसांतला तिसरा सामना. रविवारी दुपारी पाय जड झालेले असताना मुलगा परत फिरून बचावाला धावतो की नाही, यावरून त्याची ताकद आणि वृत्ती दोन्ही कळतात.

वरून बोलावणे आले की

पहिले बोलावणे ही आनंदाची बातमी असते, पण ते कशासाठी आले हे पाहिल्याशिवाय त्यावरून मत बनवू नये. एनएचएलच्या संघात तेवीस जणांचीच जागा असते, आणि हंगामातली बहुतेक बोलावणी दुखापतीमुळे येतात. चौथ्या फळीतल्या उजव्या विंगरला दुखापत झाली तर त्या कामाला जो योग्य आहे तो जातो, सर्वाधिक गुणांचा खेळाडू जातोच असे नाही. तिथे त्याला सात-आठ मिनिटे खेळायला मिळतात आणि तेवढ्यात गोल करण्याची अपेक्षा प्रशिक्षकाचीही नसते.

अर्शदीप बैंसची वाटचाल या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सरीचा हा पंजाबी मुलगा कोणत्याही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. रेड डियर रेबल्सकडून २०२१-२२ मध्ये त्याने ११२ गुण मिळवून डब्ल्यूएचएलमध्ये पहिला क्रमांक पटकावला तेव्हा तो त्या लीगमधल्या वयाच्या वरच्या टोकाला होता, म्हणून अनेकांनी तो आकडा हातचा राखूनच घेतला. त्याच हंगामात व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला. ॲबॉट्सफर्डमधल्या पहिल्या वर्षी त्याने ६६ सामन्यांत ३८ गुण मिळवले आणि दुसऱ्या वर्षी ५९ सामन्यांत ५५. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी झालेली ही वाढ खरी होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला एनएचएलमध्ये पहिला सामना मिळाला. त्या हंगामात तिथे तो आठ सामने खेळला आणि एकही गुण मिळाला नाही. केवळ हा शून्य पाहणाऱ्याला तो अपयशी वाटेल. पुढच्या हंगामात त्याने एनएचएलमधला पहिला गोल केला, आणि जून २०२५ मध्ये ॲबॉट्सफर्डने शार्लटला हरवून काल्डर कप जिंकला तेव्हा तो त्या संघाचा महत्त्वाचा भाग होता. त्या संघाचा प्रशिक्षक मॅनी मल्होत्रा होता, ज्याच्या वडिलांचे मूळ भारतातले आहे आणि जो स्वतः एनएचएलमध्ये ९९१ सामने खेळला, तेही मुख्यतः बचावात्मक सेंटर म्हणून. तिसऱ्या-चौथ्या फळीचे काम शिकायला याहून योग्य गुरू क्वचितच कोणाला मिळतो.

वर-खाली जाण्याच्या काही बातम्या पूर्वी केवळ कागदी असत. एएचएलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांत, खेळायचे तर एनएचएलच्या क्लबांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीच्या शेवटच्या दिवशी खेळाडूचे नाव खालच्या संघात असावे लागते, म्हणून त्या दुपारी अनेक मुलांना खाली पाठवून संध्याकाळी पुन्हा वर बोलावले जात असे. मुलगा प्रत्यक्षात विमानतळावरसुद्धा गेलेला नसे. त्या दिवशीची अशी जुनी नोंद शिक्षा समजू नये, उलट प्लेऑफचा अनुभव त्याला मिळावा अशी क्लबची इच्छा होती असे समजावे.

गोलरक्षकांचे वेगळे

गोलरक्षकाला वरची एकही मोजपट्टी लावू नये. त्याच्यासाठी पहिला प्रश्न असतो तो खेळायला मिळते का हा. वर बाकावर बसून राहण्यापेक्षा खाली पन्नास सामने खेळणे त्याच्या हिताचे असते, आणि एएचएलमध्ये दोन तरुण गोलरक्षक असतील तर तिसऱ्याने ईसीएचएलमध्ये जाऊन आठवड्याला तीन सामने खेळणे त्याहून हिताचे. जोनाथन क्विक रेडिंग रॉयल्सकडून ईसीएचएलमध्ये खेळला होता आणि २०१२ मध्ये तो स्टॅन्ली कपच्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॉनर हेलेबक पाचव्या फेरीत १३० व्या क्रमांकावर निवडला गेला, विद्यापीठात खेळला, मग २०१४-१५ मध्ये सेंट जॉन्सकडून एका हंगामात ५८ सामने, आणि पुढे सर्वोत्तम गोलरक्षकाला मिळणारे तीन वेझिना करंडक. जॉर्डन बिनिंग्टन २०११ च्या ड्राफ्टमधला. २०१७-१८ मध्ये तर सेंट लुइसने त्याला दुसऱ्याच क्लबच्या प्रॉव्हिडन्स संघाकडे उसना दिला होता. जानेवारी २०१९ मध्ये त्याने एनएचएलमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून गोल सांभाळला आणि जूनमध्ये बोस्टनच्या बर्फावर अंतिम लढतीचा सातवा सामना जिंकून त्याने स्टॅन्ली कप उंचावला. ड्राफ्टपासून आठ वर्षे. गोलरक्षकाबद्दल तेविसाव्या वर्षी निकाल देणाऱ्यांनी ही वर्षे मोजून पाहावीत.

त्याचे आकडे पाहायचेच असतील तर वाचवलेल्या शॉटचे प्रमाण वीस-वीस सामन्यांच्या टप्प्यांनी पाहावे. एकेका सामन्याचे पाहू नये.

वेव्हर्सचे वर्ष

या सगळ्याला एक मुदत असते आणि ती बहुतेक प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही. तरुण खेळाडूला सुरुवातीची काही वर्षे क्लब हवे तेव्हा खाली पाठवू शकतो. अठराव्या वर्षी करार केलेल्या फॉरवर्ड किंवा बचावपटूला ही मोकळीक पाच वर्षे किंवा एनएचएलचे १६० सामने, विसाव्या वर्षी करार केलेल्याला तीन वर्षे किंवा १६० सामने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते. गोलरक्षकांना मुदत थोडी जास्त आणि सामन्यांची मर्यादा ८० असते. ती संपल्यावर मात्र खाली पाठवण्यापूर्वी खेळाडूला वेव्हर्सवर ठेवावे लागते, म्हणजे चोवीस तास बाकी ३१ क्लबांपैकी कोणीही त्याला मोबदला न देता घेऊन जाऊ शकतो.

ही मोकळीक आहे तोवर क्लबला घाई नसते. डेट्रॉइटने एके काळी याचाच पुरेपूर वापर केला. तोमास तातार २००९ मध्ये अठराव्या वर्षी ग्रँड रॅपिड्सला आला, २०१३ च्या काल्डर कप प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्यानंतरच वरच्या संघात कायमचा झाला. चार हंगाम. त्यातला शेवटचा हंगाम तरी त्याला खाली काढायला नको होता असे मला वाटते, पण वर आला तेव्हा तो पहिल्याच वर्षी १९ गोल करण्याइतका पक्का झाला होता हेही खरे.

मुदत संपली की घाई कशी होते ते आर्तूर्स शिलोव्सच्या बाबतीत दिसले. सहाव्या फेरीत निवडलेला हा लॅटव्हियन गोलरक्षक ॲबॉट्सफर्डच्या २०२५ च्या विजयी प्लेऑफमध्ये पाच सामन्यांत एकही गोल न देता सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या हंगामात त्याला खाली पाठवायचे तर वेव्हर्सवरून जावे लागले असते, वरच्या संघात दोन गोलरक्षक आधीच होते, आणि जुलैमध्ये व्हँकुव्हरने त्याला पिट्सबर्गला देऊन टाकले. काल्डर कपनंतर महिनाही झाला नव्हता.

म्हणून सुरुवातीला केलेल्या कागदावर मोकळीक संपण्याचे वर्ष ठळक लिहावे आणि त्या वर्षीचा सप्टेंबर नीट पाहावा. सराव शिबिरातल्या सराव-सामन्यांत त्याला कोणत्या फळीत, कोणाविरुद्ध आणि पेनल्टी किलवर किती वेळा उतरवले, हे आधीच्या दोन वर्षांच्या नोंदींशेजारी ठेवले तर क्लब काय करणार याचा अंदाज अधिकृत घोषणेच्या आठवडाभर आधी येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत वेव्हर्सची यादी रोज दुपारी प्रसिद्ध होते. त्याचे नाव यादीत आले तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबावे: कोणी घेतले तर नव्या क्लबच्या चौथ्या फळीत आणि तिसऱ्या बचाव-जोडीत कोण आहे ते पाहून नोंदी पुढे चालू ठेवाव्यात, आणि कोणीच घेतले नाही तर आता तो संघातल्या त्या मोजक्या मुरलेल्या खेळाडूंच्या वाटेवर आहे असे धरून, त्याच्या शेजारी आता कोणता तरुण मुलगा खेळतो आहे तिकडे लक्ष वळवावे.